आधी अँटीव्हायरस बंद करा

नगर-पुणे रस्त्यावरचं सुपा म्हणजे एकेकाळी एसटी थांबणार, चहा होणार आणि गाडी पुढे निघणार, एवढंच. (बारामती तालुक्यातलं सुपं वेगळं, चिंकाऱ्यांचं अभयारण्य तिकडे.) पारनेर तालुक्यातल्या या सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, औद्योगिक वसाहत वाढली, जपानी कंपन्यांसाठी जमिनीचा वेगळा पट्टा राखला गेला. कारखाने आले की त्यांच्यामागून टॅली, एमएस-सीआयटी, ऑटोकॅड आणि टायपिंग शिकवणाऱ्या पाट्याही येतात. त्या पाट्यांच्या आत अभ्यासक्रमात न छापलेला एक धडा सगळ्यांत आधी शिकवला जातो.

तो धडा सुप्यात मिळतो, शिरूरला मिळतो, श्रीगोंद्यातही मिळतो. संगणक हळू चालायला लागला की मालक म्हणतो, “फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून द्या.” पोरगा खिशातून पेनड्राइव्ह काढतो. त्यात एक फोल्डर, फोल्डरमध्ये सेटअप, त्याच्या शेजारी ‘क्रॅक’ नावाचं दुसरं फोल्डर आणि एक छोटी टेक्स्ट फाइल. ती फाइल उघडली की पहिलीच सूचना बहुतेक वेळा ठरलेली असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. दाराची कडी काढून अनोळखी माणसाला आत घ्या, असं सांगणारी ही ओळ आपण बिनदिक्कत पाळतो. गेल्या काही वर्षांत ‘स्टॉप’ नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते मुख्यतः याच वाटेने. क्रॅक चालवला, फायली कुलूपबंद झाल्या, पैशांची मागणी आली.

गंमत अशी की तो अँटीव्हायरस पुष्कळदा रीतसर विकत घेतलेला असतो, आणि आपल्याकडे तो बहुधा क्विक हील असतो. म्हणजे पुण्याचाच. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या कैलास काटकरांचं कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचं दुकान, धाकट्या भावाने, संजय यांनी, लिहिलेला प्रोग्राम, १९९५च्या सुमारास बाजारात आलेलं पहिलं उत्पादन आणि २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेलेली कंपनी, असा तो प्रवास आहे. मराठी माणसाने सॉफ्टवेअर लिहून आणि त्याचा परवाना विकून उद्योग उभा केल्याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण. पण विंडोज फुकट आणि क्विक हील विकत, असं का? मला वाटतं याचं उत्तर प्रामाणिकपणात नसून प्रतीच्या स्वभावात आहे. विंडोजची प्रत एकदा चढली की चालत राहते. अँटीव्हायरसला मात्र नव्या विषाणूंची यादी रोज कंपनीकडून यावी लागते. परवान्याची मुदत संपली की यादी बंद, आणि नुसती प्रत जवळ असून उपयोग नाही. जिथे चोरी करता येत नाही तिथे आपण पैसे देतो. संगणक शिकवणाऱ्या वर्गाला नीतीबद्दल बोलायचं असेल तर सुरुवात या निरीक्षणापासून करायला हरकत नाही. ते टोचतं, पण खरं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात संगणकाचा प्रोग्राम आला तो १९८४च्या दुरुस्तीने, आणि १९९४च्या दुरुस्तीने त्याची कलमं आणखी काटेकोर झाली. कायद्याच्या लेखी प्रोग्राम ही साहित्यकृती. म्हणजे कादंबरी आणि टॅली एकाच खान्यात बसतात. लिहिलं की हक्क जन्माला येतो. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षं हक्क टिकतो, ही मुदत सॉफ्टवेअरसाठी मला हास्यास्पद वाटते. १९९५च्या विंडोजचा आज कोणाला काय उपयोग? पण कायदा कादंबरीच्या मापाने शिवलेला आहे. पेटंटचं गणित निराळं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. २००४ अखेरच्या वटहुकमाने हे दार थोडं किलकिलं केलं होतं, २००५ साली संसदेने ते पुन्हा लोटून घेतलं.

दुकानातून सॉफ्टवेअर विकत आणलं तरी आपण मालक होतो का? सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी सॉफ्टवेअरवरच्या कराच्या मोठ्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. ग्राहकाला मिळते ती वापरायची प्रत. कॉपीराइट, म्हणजे प्रती काढायचा आणि वाटायचा हक्क, त्याच्याबरोबर येत नाही. पुस्तक आपलं, मजकूर लेखकाचा, तसंच हे.

बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब लागतं. त्यात किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. हे आकडे क्लासच्या भिंतीवर लावले की पोरं घाबरतात. पण त्याच कलमाचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. प्रोग्राम नफ्यासाठी किंवा धंद्यात वापरलेला नसेल, तर न्यायालय सबळ कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि पन्नास हजारांपर्यंतचा दंड करू शकतं. म्हणजे घरी बसून शिकणारा मुलगा आणि फी घेऊन तीस यंत्रांवर तीच प्रत चढवणारा संचालक यांच्यात कायदा फरक करतो. आपल्याकडे उलटं घडतं. नीतीचं व्याख्यान मुलाला मिळतं आणि व्याख्यान देणारा त्याच क्रॅक केलेल्या यंत्रावर हजेरी भरत असतो. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला बेकायदा प्रती वॉरंटशिवाय जप्त करता येतात. कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. क्लासचालकांनी वाचावं असं प्रकरण आहे ते.

कायद्याची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या कामाची आहे, पण ती सांगायला कोणी भिंत राखून ठेवत नाही. कलम ५२ मध्ये, काय केलं तर हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. रीतसर मिळालेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी जादा प्रत काढून ठेवता येते. तो चालवताना त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करून त्यामागची कल्पना आणि तत्त्व शोधता येतं. आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घ्यायचा असेल आणि लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती काढून घेता येते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी या तीन मुभा म्हणजे प्रयोगशाळेचं दार आहे. आतलं तत्त्व कसं चालतं ते पाहा, शिका, मग आपलं लिहा. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट केली. अंध किंवा अपंग वाचकासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात उतरवायला परवानगी लागत नाही. याच विषयावरच्या मराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. पारनेरच्या एखाद्या कॉलेजात अंध मुलगी संगणक शिकत असेल तर तिच्या पुस्तकाची बोलकी प्रत तयार करणं हा उपकार नव्हे, कायद्याने दिलेली वाट आहे.

शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रतही हक्कभंग ठरत नाही. हे कलम कागदावर होतंच. त्याचा खरा अर्थ लागला तो दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानामुळे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस आणि विद्यापीठावर दावा लावला. तक्रार होती ती अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून विकल्याची. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्व कायम ठेवलं आणि शिकवण्यासाठी तेवढी प्रत खरंच लागत होती का, एवढा मुद्दा तपासायला ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा निकाल पुस्तकातल्या प्रकरणांबद्दल होता. त्याच्या उबेत बसून तीस यंत्रांवर सॉफ्टवेअर चढवणाऱ्याने निर्धास्त राहू नये. आणि फुकट उतरवता येतं ते फुकट विकता येतं असंही नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, हक्क मात्र मंडळाचेच राहतात. ती छापून, वर क्लासचं नाव टाकून विकली, तर रामेश्वरीच्या आडोशाला जाता येणार नाही.

वर्ग आणि कॉपीराइट यांची सर्वांत नाट्यमय झटापट झाली ती भारताबाहेर, आणि ती माहीत नसताना लिनक्स शिकवणं म्हणजे पुस्तकाची शेवटची पानं आधी वाचणं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत. ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते हे तिचा खरा कोड वाचल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९७६-७७च्या सुमारास त्यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा कोड आणि त्यावर ओळीओळीने भाष्य, अशा दोन वह्या केल्या. युनिक्स ए टी अँड टी कंपनीच्या मालकीचं. १९७९ साली सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या परवान्यात कोड वर्गात शिकवायला बंदी घातलेली होती. लायन्सचं भाष्य कपाटात गेलं. पण जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, अक्षरं पुसट होत गेली तरी काढल्या. ते पुस्तक कायदेशीररीत्या छापलं गेलं ते थेट १९९६ साली.

बंदीचा खरा परिणाम ॲमस्टरडॅममध्ये झाला. शिकवायला कोड नाही म्हटल्यावर अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकाने युनिक्ससारखं वागणारी, पण युनिक्सची एकही ओळ न घेतलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहिली. १९८७ साली आलेली ही मिनिक्स. तत्त्व घ्यायचं, लेखन नाही. आपलं कलम ५२ ज्याला मुभा देतं ते हेच. मिनिक्स पुस्तकाबरोबर मिळायची आणि तिच्या परवान्यालाही कुंपण होतं. सुधारून वाटायची सोय नव्हती. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याला तेच खुपलं. १९९१ साली त्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा आपला गाभा, लिनक्स, लिहिला. पहिल्या परवान्यात त्यानेही पैसे घेऊन वाटायला मनाई केली होती. १९९२ साली रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली त्याने तो आणला: कोणीही घ्या, बदला, विकासुद्धा, पण पुढच्याला कोड आणि हीच मुभा द्या. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे, म्हणजे सुप्याच्या आठवडे बाजारात कांद्याचा भाव फोनवर बघणाऱ्याच्या हातातही तोच.

कायदा आणि नीती नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे या गोष्टीतून दिसतं. लायन्सची झेरॉक्स काढणारे परवाना मोडत होते, तरी त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते शिकत होते, शिकवणाऱ्याचं नाव लपवत नव्हते आणि कोणाच्या पोटावर पाय देत नव्हते. उलट कायद्यात बसू शकणारी पण नीतीला धरून नसलेली एक गोष्ट आपल्याकडे राजरोस चालते. तिच्याकडे येतोच.

त्याआधी टॅली. क्लासमध्ये टॅलीचा क्रॅक लागतो असं सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: एज्युकेशनल मोड कशासाठी आहे? टॅली उघडताना परवान्याऐवजी तो पर्याय निवडला की सॉफ्टवेअर बिनपैशांत चालतं. अट एवढीच की नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच करता येतात. नावे-जमा शिकायला तारखेने काय फरक पडतो? खरेदी १ तारखेला दाखवा, विक्री २ तारखेला, पगार ३१ला. ताळेबंद जुळतो, जीएसटीची नोंद समजते. व्याजाचे दिवस मोजायला आणि रोजकीर्दीचा खरा महिना डोळ्यांखालून घालायला हे अपुरं पडतं, हे मान्य. पण त्यासाठी क्लासने एक रीतसर परवाना घेऊन एका यंत्रावर शिक्षकाने दाखवावं. बनवणाऱ्यानेच विद्यार्थ्यासाठी दार उघडं ठेवलेलं असताना खिडकी फोडण्यात काय मर्दुमकी? आणि जो मुलगा क्लासमध्ये क्रॅक टॅलीवर शिकतो, तो उद्या आडत्याच्या दुकानात नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी मालकाला तोच पेनड्राइव्ह दाखवतो. मालकाला तो हुशार वाटतो. आयकराचे, जीएसटीचे सगळे आकडे अँटीव्हायरस बंद केलेल्या यंत्रावर जातात.

ऑटोकॅडचंही तसंच. बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत प्रवेश देते, व्यावसायिक काम मात्र त्यावर करायचं नाही. पूर्वी विद्यार्थी-आवृत्तीत काढलेलं ड्रॉइंग छापलं की चारी कडांना ते विद्यार्थी-आवृत्तीत केल्याची इंग्रजी ओळ उमटायची. आयटीआय किंवा डिप्लोमाचा मुलगा वर्कशॉपचं फुटकळ काम घेऊन ड्रॉइंग देई आणि कागदावर ती ओळ मालकाच्या नजरेला पडे. कारखान्यातल्या खरेदी विभागाला त्या ओळीचा अर्थ चांगला कळे. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या परवान्यांची तपासणी करतात, आणि परदेशी मूळ कंपनी असेल तर ती आणखी कडक. वसाहतीच्या उंबऱ्यावरच्या गावाला हा मुद्दा पुण्याच्या पेठेपेक्षा जास्त लागू आहे. तिथे नोकरीला जायचं म्हणून शिकायचं, आणि शिकायचं अशा रीतीने की तिथे ते चालणारच नाही.

आता मराठी अक्षरांकडे येतो. या विषयात महाराष्ट्राचा स्वतःचा असा मोठा अनुभव आहे तो फाँटचा. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीच्या धंद्यात प्रत्येक कंपनीचे फाँट वेगळे आणि त्यांची आतली मांडणीही वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घ्या किंवा दुसऱ्या कोणाचं. एकात टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्यात उघडली की वधू-वरांच्या जागी स्वल्पविराम, टिंबं आणि रोमन अक्षरांचा पालापाचोळा. त्यामुळे पत्रिका छापणारा, वर्तमानपत्राला मजकूर पाठवणारा वार्ताहर, प्रश्नपत्रिका टाइप करणारा शिक्षक, सगळ्यांना समोरच्याचा फाँट लागायचा. समोरचा तो सीडीवर घालून द्यायचा. डोंगल लागणाऱ्या सॉफ्टवेअरची डोंगल फोडलेली आवृत्तीही यायची. यातला प्रत्येक जण चोर होता असं म्हणणं सोपं आहे. माझं मत वेगळं आहे. एकमेकांना मजकूर वाचता येणं ही भाषेची किमान गरज होती, ती खासगी मांडण्यांच्या कुलपात अडकली, आणि कुलूप तोडणं ही रीत पडून गेली. मात्र या रिवाजात एक माणूस पार विसरला गेला. फाँट आपोआप उगवत नाही. देवनागरीचा एक फाँट करायचा म्हणजे शेकडो जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, प्रत्येकाची उंची आणि जाडी हाताने जुळवणं. निर्णयसागरच्या टाइपांमागे ठसे कोरणारे राणोजी आरू होते. मंगल फाँटमागे सुलेखनकार र. कृ. जोशी होते. मंगल आपण वर्षानुवर्षं वापरला, सरकारी पत्रांत तर कंटाळा येईपर्यंत वापरला, पण किती संगणक शिक्षकांनी वर्गात जोशींचं नाव घेतलं असेल?

कुलूप उघडलं ते दोन टप्प्यांत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. विंडोज २०००मध्ये ती चालू लागली आणि मांडणीचा प्रश्न सुटला. फाँटचा प्रश्न सुटत गेला तो मुक्त परवान्यामुळे. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त आणि बलू हे देखणे फाँट केले. त्यांचा परवाना ‘ओपन फाँट लायसन्स’. वापरा, बदला, वाटा, पुस्तक छापा, फ्लेक्स काढा, दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर विका. अटी मोजक्या: नुसता फाँट सुटा विकायचा नाही, बदललेला फाँट याच परवान्याखाली ठेवायचा, आणि निर्मात्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव लावायचं नाही.

ही शेवटची अट वाचली की मला नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातलं कोंभाळणे आठवतं. गावठी वाणांची बीजबँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे तिथल्या, २०२० सालच्या पद्मश्री. बियाणं आणि प्रोग्राम यांचा स्वभाव एकच. एकाचे हजार होतात आणि मूळ तसंच राहतं. २००१ सालच्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क कायद्याने बियाण्यातही बौद्धिक हक्क आणले, पण कलम ३९ मध्ये शेतकऱ्याची मुभा शाबूत ठेवली. त्याने बी राखावं, पेरावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याशी बदलावं, विकावंही. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकू नये. वाटायला हरकत नाही, नाव मात्र ज्याचं त्याला. दिल्लीच्या कायद्याने शेतकऱ्यासाठी आणि फाँट करणाऱ्यांनी आपल्या परवान्यात, एकमेकांचा संबंध नसताना, जवळपास एकाच जागी रेघ ओढली. पारनेरच्या शेतकऱ्याच्या मुलीला कॉपीराइट शिकवायचा असेल तर न्यूयॉर्कचं उदाहरण कशाला हवं?

आता मघाशी राहिलेली, कायद्यात बसू शकणारी पण नीतीला न धरणारी गोष्ट. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र, डिप्लोमा, सगळीकडे शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, अहवालासकट. रुग्णालय व्यवस्थापन, ग्रंथालय व्यवस्थापन, ही ठरलेली नावं. पहिल्या पानावरचं नाव, कॉलेज आणि वर्ष बदललेलं असतं, पण कोड उघडला की वर टिपणीत दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांची नावं तशीच असतात. काढायचंसुद्धा सुचलेलं नसतं, कारण ती फाइल कोणी उघडलेलीच नसते. विकणाऱ्याने आपल्या मर्जीने विकला, घेणाऱ्याने पैसे मोजले. कॉपीराइटच्या दृष्टीने इथे काही मोडलेलं नसूही शकतं. मोडलेलं आहे ते परीक्षेशी केलेलं वचन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी प्रबंधांसाठी मोजपट्टी घातली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, चाळीसपर्यंत असेल तर सुधारून द्या, साठपर्यंत असेल तर वर्षभर थांबा, त्यापुढे नोंदणी रद्द. पण टक्के मोजणाऱ्या यंत्राला विकत घेतलेला नवाकोरा प्रोजेक्ट पकडता येत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मिनिटभरात लिहून दिलेला तर मुळीच नाही. त्याला औषध जुनंच आहे. परीक्षकाने एखादी ओळ दाखवावी आणि विचारावं, ही काढली तर काय होईल? ज्याने लिहिलं, किंवा निदान वाचलं, तो सांगतो.

इंटरनेटवरून कोड घेणं हे वाईट नाही, हेही त्याच वर्गात सांगायला हवं. व्यवसायात सगळेच घेतात. घेताना परवाना वाचायचा, नाव ठेवायचं आणि आपण काय बदललं ते लिहायचं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात देशभरचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये उतरवतात आणि कोणत्या पुस्तकासाठी, कोणी, हे नोंदवलेलं असतं. दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहून आपलं काम कसं दाखवायचं, याचा तो चांगला नमुना आहे.

मग क्लासने काय करावं? लिनक्स आणि लिबरऑफिस घाला असं म्हणणं सोपं आहे. केरळने शाळांमधलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन ते राज्यभर करून दाखवलं. आपल्याकडे अडचण अशी की जाहिरातीत ‘एक्सेल येणं आवश्यक’ असं लिहिलेलं असतं आणि पालक फी भरतात ती त्या शब्दासाठी. माझ्या मते वादात पडू नये. एक-दोन यंत्रांवर रीतसर एक्सेल ठेवावं, बाकीच्यांवर लिबरऑफिस. बेरजेचं सूत्र, क्रमवारी, आलेख, हे सगळं दोन्हीकडे जवळपास सारखं चालतं. शिकवायला माणूस नसेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल आहेत. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेले हे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. त्यांचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असा की ते दाखवा, वाटा, त्यात भर घाला, मूळ नाव राखा आणि तुमची भरही त्याच अटींवर खुली ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही सॉफ्टवेअरवर शिकवता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं आणि वेगळा करार नसेल तर मालक नोकरी देणारा, एरवी लिहिणारा. क्लासची फी भरलेला विद्यार्थी क्लासचा नोकर नसतो. सुप्याच्या मुलीने पतसंस्थेच्या दैनिक ठेवीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला तर तो तिचा. क्लासने तो परस्पर दुसऱ्या पतसंस्थेला विकला तर हक्कभंग क्लासने केलेला असतो. तिने लेखी हस्तांतर करून विकला तरी कलम ५७ प्रमाणे ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा हक्क तिच्याकडे राहतोच. पतसंस्थेला प्रोग्राम देताना तिने फोल्डरमध्ये परवान्याची एक छोटी फाइल घालावी. त्यात काय लिहायचं हे तिने ठरवायचं: एकाच शाखेत वापरा, किंवा पैसे देऊन कुठेही वापरा, किंवा जीपीएलखाली कोणीही घ्या. तिन्ही कायदेशीर आहेत. तिसऱ्यात पैसे थेट प्रतीतून येत नाहीत, बसवून देण्यातून आणि वर्षभर सांभाळण्यातून येतात, क्विक हीलच्या रोजच्या यादीसारखे. दुसऱ्यात पतसंस्थेचा शिपाईसुद्धा पेनड्राइव्हवर प्रत नेऊ शकतो, आणि मग कलम ६३ब चा पूर्वार्ध तिला पाठ असावा लागतो.